चांदीखालचं सिलिकॉन

चहाचा पेला तो नेहमी काठाला दोन बोटांनी धरायचा. पोस्टकार्ड, जेवणाचं ताट, सगळं कडेनंच. एकदा मी लग्नातले फोटो काढून दाखवायला लागलो, तर मलाच ओरडला, "अण्णा, कडंनं धरा! बोट लागलं की संपलं." आमच्या बेळगावच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा, मी मराठी. पोरं खडू चिमटीत धरून त्याची नक्कल करत फिरायची. त्याला ते ठाऊक होतं, आणि तोही हसायचा. अशी खोड तुम्ही सोनाराकडे पाहिली असेल. प्राध्यापकात मी ती एकदाच पाहिली.

ही सवय त्याला बंगलोरच्या प्रयोगशाळेत लागली होती. तिथं तो सिलिकॉनवर चांदीचा थर चढवायचा. थर तरी केवढा, एका अणूच्या जाडीचा! मला विज्ञानाचं वावडं. म्हणून खासबागेतल्या माझ्या घराच्या कट्ट्यावर बसून त्यानं मला माझ्या पद्धतीनं समजावलं.

"सिलिकॉन कापलं की वरच्या अणूंचा शेजारी जातो, हात मोकळा ऱ्हातो. मोकळ्या हातानं कोण गप बसतंय? आपसात सरकून नवी मांडणी करत्यात. त्यात वरनं चांदी आली, जरा ऊब लागली, की ती पंगतबी मोडली. परत सगळी नव्यानं बसणार."

"मग अडलंय कुठं?"

"चांदी वर बसती, का सिलिकॉनच्या रांगंत शिरती? मोठमोठ्या लोकांचं भांडण चाललंय. मला वाटतंय, मला उत्तर ठाऊक हाय. पण नुसतं वाटून काय उपेग? तपासायला पायजे."

ते तपासणं अर्धंच राहिलं होतं. आईवडील लवकर गेलेले. निपाणीत थोरल्या बहिणीनं, आक्कानं, विड्या वळून त्याला शिकवलं. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती धरली आणि त्याला बंगलोरला तार गेली. तो सगळं सोडून आला. तिच्यापासून लांब नको म्हणून बेळगावला नोकरी धरली. शनिवार आला की निपाणीची एसटी.

काही वर्षांनी बंगलोरच्या गुरूंनी बोलावलं. मे महिन्यात यंत्र मोकळं आहे, येऊन काम पुरं कर. सिलिकॉनचा तुकडा मात्र त्यानं तिथून येताना जपून आणलेलाच लागणार होता. परदेशातून आलेला, आरशासारखा गुळगुळीत केलेला. तसला दुसरा तिथं शिल्लक नव्हता. इतका आनंदलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आक्काचा निरोप घेऊन निपाणीहूनच गाडी धरायची म्हणून तो गेला, तुकड्याची डबी तिच्या फळीवर ठेवली आणि तिकिटाचं बघायला स्टँडवर गेला.

परतला तर आक्का दारात हसत उभी. "लई काळपट पडलतं रं तुजं. राखंनं घासून लख्ख केलंय बघ."

तांब्या घासायची तीच राख. तुकड्यावर रेघाच रेघा.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं. तेव्हा तो पिशवीसकट माझ्या दारात उभा होता.

"काय म्हणणार? लई बेस केलंस आक्का, म्हटलं. आता काम झटक्यात हुतंय, म्हटलं. तिचं त्वांड बघितलं असतं तर तुमीबी तेच म्हटलं असतं."

आक्काच्या लेखी तो बंगलोरला गेला होता. सगळा मे महिना त्यानं माझ्या माडीवर काढला. निपाणीचं कुणी भेटेल म्हणून बाहेर पडताना डोक्याला टॉवेल गुंडाळायचा. निपाणीला परत जाताना खडेबाजारातून, बंगलोरचा म्हणून, म्हैसूरपाक घेतला. बेळगावचा कुंदा नेला असता तर चोरी तिथंच पकडली गेली असती. ह्यावर आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"अण्णा, मला दिसलं असतं हो," एवढंच म्हणाला.



यंत्रावर पुढं दुसऱ्यांची पाळी लागली. मग परदेशातून अणूंचे फोटोच यायला लागले. मासिकातला तसला फोटो तो वर्गात हौसेनं दाखवायचा. पण कुणी चांदीचं विचारलं की घंटा व्हायच्या आत तास सोडायचा.

एका सकाळी कॉलेजला निघताना छातीत कळ आली आणि तो गेला. डोक्यावरचे केससुद्धा अजून पिकले नव्हते. माझा धाकटा भाऊ गेला असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी निपाणीला गेलो. माणसं पांगल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. बोलताना तिला धाप लागत होती.

"तुमी कालेजात संगं हुता त्येच्या. खरं सांगा अण्णा, बंगलोरचं काम पुरं झालतं न्हवं त्येचं?"

"झालतं आक्का."

"मी तुकडा घासून दिलता. त्यानंच झालं म्हनायचा."

"व्हय. त्यानंच झालं."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि दाराशी उभ्या शेजारणीला हाक मारली. "हिकडं ये गं. हे सर काय म्हंत्यात, ऐक." मग माझ्याकडे वळली. "तिलाबी सांगा."

मी पुन्हा सांगितलं.