सुईएवढं भोक

आष्टीच्या बिभीषणने डाव्या हाताची दोन बोटं गुजरातेतल्या एका गॅसविहिरीवर गमावली आणि त्या बदल्यात एक गोष्ट कमावून आणली. पारावर बसला की तो ती सांगे: वॉल्व्ह फुटला, आगीचा लोळ उठला, अन् धुरातून याने साहेबाला खांद्यावर टाकून बाहेर काढलं. दर वर्षी साहेब थोडा जाड होत गेला. ऐकणाऱ्यांची तक्रार नव्हती. शेळ्या, मोसंबीची चार झाडं, बायको शालूच्या हातची भाकरी. माणूस सुखात होता. बिरोबाच्या जत्रेत पूर्वी दोघे भाऊ ढोल वाजवायचे. आता ढोल थोरल्या त्रिंबककडे आणि बिभीषणकडे झांज.

मध्यंतरी त्रिंबकच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिकचा पाइप गळू लागला. शेतातला पाइप कुठे गळतो ते बघायला आपण सगळेच हात फिरवतो, तसा इंजिन चालू असताना त्यानेही फिरवला. बोटाला बारीकसं टोचलं. रक्ताचा धड थेंबही नाही. आई आसराबाईने सवयीने हळद दाबली आणि सगळे जेवायला बसले.

बिभीषणचा घास मात्र हातातच राहिला. ते भोक त्याच्या ओळखीचं होतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल म्हणाला, तर त्रिंबक हसला. सुई टोचली म्हणून कोणी जालन्याला जातं का? बिभीषणने विनवून पाहिलं, आईची शपथ घातली. शेवटी त्याने ताट बाजूला सारलं आणि आपला तुटका हात भावापुढे ठेवला.

"दादा, तिथं स्फोट झालाच न्हवता. मी असाच पाइपावर हात फिरवला. एवढंच भोक पडलं. मी बी हळद लावली, कोणाला सांगितलं न्हाई, झोपलो. पाइपातलं तेल दाबानं कातडीखाली आतल्या आत गेल्तं. सकाळी बोटं काळी पडली."

शालूचा भाकरी थापणारा हात थांबला. नवरा इतकी वर्षं फेकत होता याचं तिला नवल नव्हतं. पण खरं बोलतानाचा त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. त्रिंबक उठला आणि चपला शोधू लागला.

जालन्याला डॉक्टरांनी बोट चिरून तेल काढलं. बोट वाचलं.

यंदाच्या जत्रेत त्रिंबकने ढोल गळ्यात अडकवला. कुणीतरी स्फोटाची गोष्ट काढली, तशी बिभीषणने मान खाली घातली. त्रिंबकच म्हणाला, "स्फोट-बिस्फोट काही न्हाई. सुईएवढं भोक होतं. माझं बोट याच्यामुळं राह्यलं." आणि त्याने असा ढोल बडवला, की झांज सांभाळता सांभाळता बिभीषणला डोळे पुसायला हात मोकळा मिळेना.