अपडेट करू नये

तलासरीत वायफाय लावून देणाऱ्या नविनचं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असायचं: राउटरच्या डब्याला हात लावायचा नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली की राउटर कायमचा मरतो. असे चार डबे मेल्यावर तो प्रत्येक डब्यावर मार्करने लिहायला लागला, ‘अपडेट करू नये’. लाइट कधी जाईल याचा इकडे नेम नसतो, त्यामुळे लोकांनी ते मानलं.

मागच्या महिन्यात शिलाईवाल्या संगीताने बँकेचं पान उघडलं. ते हुबेहूब होतं, पण खोटं. राउटरच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या भोकातून कोणीतरी आत शिरलं होतं. तिचं खातं साफ झालं. ते भोक बुजवणारं अपडेट येऊन दोन वर्षं झाली होती. आणि तिच्या डब्यावर नविनचंच अक्षर होतं.

तेव्हापासून तो स्कूटरवर बॅटरी बांधून घरोघर फिरतो, अपडेट करतो आणि पुढच्या घरी जातो. वाईट वाटतंय की नाही, तेही त्याला आता कळत नाही.

जवळच्या वेवजी गावात भिकीकाकीच्या डब्यावर दसऱ्याचं कुंकू होतं आणि सुकलेला झेंडू.

"तू सांगितलंस तसं, कोणाला हात लावू दिला नाही," ती म्हणाली.

त्याने डबा बॅटरीला जोडला, अपडेट सुरू केलं आणि दहा मिनिटं लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत बसला.

तो उठला तेव्हा काकीने कपाटावरचा मार्कर काढून त्याच्या हातात दिला. "अक्षरं पुसट झालीत रे. परत ठळक लिहून दे."