मामांनी मोडलेल्या माना

आमच्या संशोधन केंद्रात कोंबड्या सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणत. तीस वर्षं पोल्ट्रीत काढलेला माणूस. पोल्ट्री बंद पडल्यावर वर्षभर घरी बसले होते. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी मिळणार नव्हती. कोंबडी उलटी धरून शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं घालायचे. तीन बसली तर अंड्यावरची, म्हणजे अंडी देणारी; एकच बसलं तर खुडूक, अंडी थांबलेली. खुडूक निघाली की मान कडकन मोडायची, हा पोल्ट्रीतला कायदा. "खायला काळ आणि भुईला भार," म्हणायचे.

कोंबडीचं वय झालं की अंडाशयात गाठी होतात. ऐंशीपैकी चाळिसांना मी अंडी थांबवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन देत होतो. अंडी थांबली तर गाठीही कमी होतात का, हे आमच्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंना पाहायचं होतं. दोन वर्षं झाली होती, एक उरलं होतं. मामा नुकतेच कामावर आले, तेव्हा त्यांना मी बादली दाखवली, झाडू दाखवला. इंजेक्शन कशासाठी ते सांगितलं नाही. झाडणाऱ्याला काय करायचंय, हा माझा दीडशहाणपणा!

एका सकाळी खाद्याची गाडी आली नाही. मी नऊला पोचलो तर भिंतीलगत चाळीस कोंबड्यांचा ढीग, माना लोंबत्या, चोचींतून रक्त. सगळ्या इंजेक्शनवाल्या.

"अंड्यावरची एकपण नाही मारली साहेब," मामा खुशीत म्हणाले. "आता खाद्य पुरेल."

बाई आल्या. त्यांनी पिंजऱ्याला लाथ घातली. "उरलेल्याही मारा. आजच. तुलनेला एकाच वयाच्या हव्यात."

"रोज अंडं देतात हो बाई! त्यांना कशाला?"

"मारा म्हणते ना!"

मामांनी मारल्या. कोंबड्यांनी त्यांचे हात ओरबाडून काढले. एकीच्या पोटातलं अंडं फुटून बलक मनगटावर ओघळला, तेव्हा त्यांनी अशी शिवी हासडली की मी दचकलो. शेवटी तर मान मोडण्याऐवजी पिळून तोडत होते.

मी पोटं फाडत गेलो. अंड्यावरच्या अकरा जणींत गाठी निघाल्या, काहींत पाण्याने टम्म फुगलेल्या. इंजेक्शनवाल्या तिघींतच. आणखी वर्षभराने खात्रीने बोलता आलं असतं. आता नुसता अंदाज.

"यांना कुणी सांगितलं नव्हतं का?" बाईंनी मला विचारलं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

मामा नळावर हात धूत होते. तेव्हा ते अंगावर धावून आले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सांगितलं असेल, बाई," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

बाईंनी त्यांना त्याच दिवशी काढलं. मी अजून तिथेच आहे.