पालथा आरसा

कर्जतच्या बाजारात चष्म्यांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. गिऱ्हाईक फ्रेम निवडायला बसले की ते प्रथम समोरचा आरसा पालथा घालीत. "तोंड तुमचं, पन बघायचं घरच्यांनी," असे म्हणून सोबतच्या माणसाकडे वळत.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा तेव्हा नव्याच आल्या होत्या. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मला ऊन सोसेना, म्हणून मी सपत्नीक त्यांच्याकडे गेलो. धास्ती एकच होती: पूजा सांगणाऱ्या ब्राह्मणाला काळ्या चष्म्यात पाहून यजमान हसतील. दुकानदारांनी मला पायरीवर उन्हात उभे केले आणि नमुन्याची काळवंडलेली काच एकेका फ्रेमीमागे धरली.

"बघा, वैनी."

"चारचौघांत कसं बघू?" तिने मान खाली घातली.

"नका बघू. मग गुरुजी सिनेमातले व्हिलन दिसतील. चालंल?"

ती हसली आणि भर बाजारात प्रथमच माझ्याकडे निरखून पाहू लागली. सोनेरी काड्यांची फ्रेम तिने नाकारली. रुंद, तपकिरी फ्रेमीवर तिची नजर स्थिरावली. "ही द्या. काच काळी झाली तरी चेहरा ह्यांचाच राहतो."

ती निवर्तल्यावर काचा बदलण्यासाठी मी एकटाच गेलो. फ्रेमीचा रंग विटला होता, म्हणून नवी दाखवा म्हणालो. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, जुनी फ्रेम हळुवार पुसली, पण नवी एकही बाहेर काढली नाही.

"काचा नव्या घालतो, गुरुजी," ते म्हणाले. "फ्रेम पसंत केलेली हाय."