पिवळ्या तापाची सुई

आफ्रिकेतल्या मोंबासाहून फोन आला तेव्हा कौसल्या गावडे ब्लाउजला हुक लावत बसली होती. फोन धनेशचा होता. तिचा मुलगा गौतम तिकडच्या बंदरात क्रेनचा फिटर होता आणि धनेश त्याच्याच खोलीवर राहायचा.

"काकी, जिवाला धोका नाही," तो म्हणाला. "पण गौतमचा पाय क्रेनखाली सापडला. डॉक्टर बघतायत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

"मी जाते," कौसल्या म्हणाली. तिचा नवरा सीताराम गोदीतून निवृत्त झालेला, त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. तिच्याकडे होता. आईला एकदा समुद्रापलीकडचा देश दाखवायचा म्हणून गौतमनेच गेल्या वर्षी तो करून घेतला होता.

पण कौसल्याचं शरीर तिच्या ताब्यात नव्हतं. तिला ल्यूपस होता. अंगाची राखण करणारी शक्तीच अंगावर उलटते, असा तो आजार. तिच्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर उलटली होती. त्या शक्तीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या ती कित्येक वर्षं घेत होती. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून तिने मनानेच गोळ्या सोडल्या, आणि पाय असे सुजले की चप्पल चढेना. परळच्या हॉस्पिटलात महिनाभर पडून होती. तेव्हा गौतम माझगावला कामाला होता. रात्रपाळी संपवून तो तडक येऊन तिच्या उशाशी बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा.

दादरच्या विक्रांत नावाच्या एजंटने तिकिटाचं आणि त्या देशात शिरायच्या परवानगीचं बघतो म्हणून सांगितलं. "फक्त पिवळ्या तापाची लस घ्या, काकू. त्या देशातून परतताना तिचा दाखला नसला की विमानतळावरून घरी सोडत नाहीत, वेगळं ठेवतात."

"मला गोळ्या चालू आहेत. कुठलीही सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं सांगितलंय."

"केंद्रावर विचारतील. नाही म्हणायचं. तिथे कोण तपासतंय?"

डॉक्टर मधुरा कर्णिक परळला तिच्यावर उपचार करायच्या. त्यांना फोन करावा असं कौसल्याच्या मनात आलं, पण तिने केला नाही. त्या नाही म्हणतील याची तिला खात्री होती, आणि नाही ऐकायची तिची तयारी नव्हती.

सीतारामला तिने जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"खोटा बोलान सुई घेतलंस, आणि तुका काय झाला तर मी झीलाक, आपल्या गौतमाक काय सांगू?"

"काय होत नाय मला."

"गोळये सोडलंस तेवाव असाच म्हणालंस."

तिने ताटं उचलली.

लसीकरण केंद्रात बरीच गर्दी होती. जहाजावर निघालेली तरुण पोरं, आफ्रिकेत धंदा असलेली माणसं. टेबलामागच्या डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "काही आजार? औषधं चालू आहेत?"

"नाही," कौसल्या म्हणाली.

आतल्या खुर्चीत नर्सने तिची बाही वर सरकवली आणि दंडावर कापूस फिरवला. तो थंड ओलावा लागला आणि तिच्या डोळ्यांपुढे तिकडच्या खाटेवरचा गौतम आला, आणि इकडच्या खाटेवर पडलेली ती स्वतः. मायलेक दोन देशांत अंथरुणाला खिळलेले, आणि दोघांच्या मध्ये एकटा सीताराम.

"थांबा, बाई," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

डॉक्टरला बोलावलं गेलं. तो रागावला नाही. गोळ्यांची नावं ऐकून त्याने नर्सला सिरिंज बाजूला ठेवायला सांगितलं आणि स्टूल ओढून कौसल्यासमोर बसला.

"मावशी, या लशीत जिवंत विषाणू असतात. दुबळे केलेले, पण जिवंत. माझं शरीर त्यांना आवरेल. तुमच्या शरीराचे हात गोळ्यांनी बांधलेत. या लशीनंच तुम्ही गंभीर आजारी पडला असता. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा."

बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. मग टॅक्सी करून परळला गेली.

डॉक्टर मधुरांनी सगळं ऐकून घेतलं. "आधी माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"लशीला नाही म्हणाले असते. जायला कुठे नाही म्हणाले असते?"

डॉक्टरांनी एकेक गोष्ट समजावली. ही लस देता येणार नव्हती, आणि लशीसाठी गोळ्या बंद करणं त्याहून वाईट. पण पिवळ्या तापाचा धोका त्या किनाऱ्यावरच्या शहरात कमी होता. लस का देता येत नाही याचं पत्र त्या देणार होत्या. टायफॉइडची आणि काविळीची, ज्यांत जिवंत काही नसतं, अशा सुया लगेच देता येत होत्या. "पण गोळ्यांमुळे त्यांचाही परिणाम कमी पडू शकतो. तेव्हा लस घेतली म्हणून बिनधास्त राहायचं नाही. पाणी उकळलेलं, मच्छरदाणी दिवसासुद्धा, शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हिवतापाच्या गोळ्या मी लिहून देते. आणि परत आल्यावर विमानतळावरून वेगळं ठेवतील. पत्र असलं तरी ठेवतील. ते सोसायचं."

"सोसेन," कौसल्या म्हणाली.

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, तीही एकटी. धनेश तिला घ्यायला आला होता.

गौतम भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कशाला आलीस?" एवढंच म्हणाला. ती उशाशी स्टूल ओढून बसली. दुपार कलली, जेवणाची गाडी येऊन गेली, तरी तो वळला नाही. पुढचे दोन दिवस असेच गेले. मग ड्रेसिंग बदलायला नर्स आली तेव्हा तो म्हणाला, "आई, तू बाहेर जा."

"मी इथेच आहे."

पट्टी निघाली. कौसल्याने नजर वळवली नाही. जिथे पाय संपत होता तिथे तिने बराच वेळ पाहिलं आणि मग त्याच्या मांडीवर हात ठेवला. गौतम तेव्हा रडला. अपघातानंतर पहिल्यांदाच, असं धनेश नंतर म्हणाला.

परतल्यावर तिला खरंच थेट विलगीकरणाच्या वॉर्डात नेलं. तिथे एका सकाळी तिला ताप भरला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. रक्त तपासायला गेलं, लघवी गेली. लघवीचा संसर्ग निघाला, तो औषधाने गेला. मूत्रपिंडं शाबूत होती. सीताराम रोज फाटकापर्यंत यायचा, डबा रखवालदाराकडे द्यायचा आणि तिथूनच फोन करायचा. बोलायला काही नसलं तरी फोन लगेच ठेवायचा नाही.

गौतम दिवाळीनंतर आला. त्याला खुर्चीत बसवून वर न्यायला चाळीतली मुलं खाली जमली होती. त्याने नको म्हणून मान हलवली. कुबड्या मुलांच्या हातात दिल्या, पहिल्या पायरीवर बसला आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकू लागला. कौसल्या त्याच्या एक पायरी खाली राहून चढत होती. तिचे गुडघे धरले होते. पहिल्या मजल्यावर दोघं दम खायला थांबले. मग गौतमने आईकडे पाहिलं, तिने मान डोलावली, आणि दोघं पुन्हा चढू लागले.