गुलाल लावलेली गाय

एंजल शलमोन त्रिभुवन हिला नोकरी हवी होती. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे तिची कीव करायची की तिच्यावर थुंकायचं, हे ठरवताना उपयोगी पडेल.

ती घोडेगावची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आई मरियम शिवणकाम करायची. एंजलने नगरला पत्रकारितेचा कोर्स केला, दोन ठिकाणी चपला झिजवल्या आणि शेवटी सावेडीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात इंटर्न म्हणून चिकटली. बंगल्यावर पाटी होती, ‘संवेदन समन्वय केंद्र’. शलमोन मास्तरांनी रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की पोरगी आपत्तिग्रस्तांच्या मदतकार्यात आहे. इंटर्न म्हणजे काय, असं कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, ‘‘साहेब होण्याच्या आधीची पायरी.’’ या पायरीवर चहापाण्यापुरतं मानधन मिळतं आणि तेही मागावं लागतं, हे ते सांगत नसत.

हे केंद्र स्वतः कुणाला काही देत नसे. देणाऱ्या संस्था वेगळ्या होत्या. त्या सगळ्यांनी एकाच गावात ब्लँकेटं वाटू नयेत आणि शेजारचं गाव कोरडं राहू नये, म्हणून केंद्राने ताळमेळ बसवायचा, असा विचार होता. विचार चांगलाच होता. असल्या विचारांत खोट नसतेच, ते राबवायला माणसं ठेवली की मग नासायला लागतात.

तिथे संवादप्रमुख होत्या दिशा मॅडम. मूळच्या पुण्याच्या. अंगात हातमागाचा कुडता, नाकात आदिवासी बायकांची म्हणून विकत घेतलेली भलीमोठी चमकी. या जिल्ह्यात तसली चमकी एंजलने कुणाच्याच नाकात पाहिली नव्हती. ‘‘मला नुसतं दिशा म्हणा,’’ असं त्या सगळ्यांना सांगायच्या आणि कुणी तसं म्हटलं की तोंड पाडायच्या, म्हणून सगळे मॅडमच म्हणत. पूरग्रस्तांविषयी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, जसा काही लोकांचा देवळात शिरल्यावर येतो. देवळाबाहेर आल्यावर त्या ड्रायव्हरवर कशा खेकसायच्या, हेही एंजलने ऐकलं होतं.

दुसरा इंटर्न होता करण. त्याला आपत्ती आवडायची. बूट चिखलात बुडवून त्यांचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, ‘प्रत्यक्ष जमिनीवर’. या दोन इंटर्नपैकी एकालाच कायम करणार, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं. त्यामुळे एंजल आणि करण एकमेकांशी फार गोड वागत.

त्या वर्षी पाथर्डीकडे पाणी आलं. ज्या भागात टँकरची वाट पाहण्यात बायकांची उमर गेली, तिथे नद्या घरात शिरल्या. कडबा वाहून गेला, गंजी कुजल्या, गोठ्यात उभ्या जनावरांपुढे टाकायला काडी उरली नाही. एका संस्थेने तिसगावच्या बाजूच्या वस्त्यांसाठी मक्याची ओली कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला हिरवा चारा, पाठवायचं ठरवलं. गोण्यांनी भरलेला टेम्पो बंगल्याच्या आवारात येऊन उभाही राहिला.

टेम्पो तिथेच अडकला तो बॅनरपायी. वाटपाच्या वेळी मागे बॅनर हवा आणि बॅनरवर सगळ्या संस्थांची चिन्हं हवीत. कुणाचं चिन्ह आधी, कुणाचं मोठं, यावर संस्थांची आपसात जुंपली. एकीने म्हणे चारा दिला, एकीने टेम्पो दिला, आणि तिसरीने काहीच दिलं नव्हतं, पण तिच्याशिवाय पुढच्या वर्षी कुणालाच निधी मिळाला नसता. एंजल कॉम्प्युटरपुढे बसून चिन्हं डावीकडून उजवीकडे सरकवत राहिली. एक सरकवलं की दुसरी संस्था रुसायची. खिडकीतून तिला टेम्पो दिसायचा. वर ताडपत्री, त्यावर ऊन. ओली कुट्टी गोणीत दाबून ठेवली की तापते आणि आंबते, हे घोडेगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एंजलने ते एकदा बोलूनही दाखवलं. ‘‘आपण लॉजिस्टिक्समध्ये पडायचं नाही,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आपण कम्युनिकेशन.’’

बॅनर एकदाचा छापून आला. टेम्पो तिसगावला पोचला तेव्हा गोण्यांतून वाफा येत होत्या. फोटो मात्र झकास आले, कारण फोटोला वास नसतो.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी एंजल घरी होती. घोडेगावचा जनावरांचा बाजार तिच्या दारातच भरतो म्हणायला हरकत नाही. ‘स्टोरी कुठेही भेटते, कॅमेरा सोडायचा नाही,’ हा मॅडमचा हुकूम, म्हणून ती गळ्यात कॅमेरा अडकवून बाजारात गेली. तिथे तिला सविता दिसली. तिसगावजवळच्या वस्तीवरची. वाटपात बॅनरपुढे पहिली उभी केली होती तीच बाई.

तिचा सौदा नुकताच उरकला होता. व्यापाऱ्याने मूठभर गुलाल गाईच्या पाठीवर फासला. जनावर विकलं गेलं की असा गुलाल पडतो. मग त्याला दुसरं कुणी भाव विचारत नाही. सविताने गाईच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घेतलं, कारण जनावर द्यावं, दावं देऊ नये, अशी तिकडची रीत. दावं घरी राहिलं तर गोठा पुन्हा भरतो म्हणतात. व्यापाऱ्याने आपलं नवं दावं बांधलं. गाईने मान सविताच्या खांद्यावर टाकली आणि सविता तिच्या गळ्याला तोंड लावून रडली. तेवढ्यात एंजलने बटण दाबलं. का दाबलं, तर हात सवयीने गेला.

‘‘का विकली, मावशी?’’

‘‘काय घालू तिला? तुमचा चारा आला खरा, पर त्येला गाईनं नाक बी लावलं न्हाई,’’ सविता डोळे पुसत म्हणाली. ‘‘आता पोटच्यावानी वाढीवली म्हनून उपाशी मारू व्हय?’’

तो चारा आंबताना एंजलने खिडकीतून पाहिलाच होता.

फोटो पाहून मॅडम खुर्चीतून उठल्या. ‘‘काय मोमेंट पकडलीयस. गाय मिळाल्याचा आनंद नुसता वाहतोय चेहऱ्यावरून. आणि हा गुलाल.’’

‘‘मॅडम, ती गाय मिळाली नाही. विकली तिनं. म्हणून गुलाल आहे.’’

मॅडम हसल्या. ‘‘अगं, गुलाल म्हणजे जल्लोष. निवडणूक जिंकल्यावर काय उधळतात? बघणारा तेच वाचणार. देणगीदार पुढच्या आठवड्यात येतायत, पशुधन हा त्यांचा विषय आहे, आणि आपल्याकडे त्यावर एकही स्टोरी नाही.’’ मग आवाज देवळातल्यासारखा खाली आणून म्हणाल्या, ‘‘करणने एक पाठवलीय. बिस्किट खाणारं पोर. मला तुझी घ्यायचीय. तू काय लिहितेस त्यावर आहे.’’

एंजलने लिहिलं. कुणी तिच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. तिने छान लिहिलं, ती हुशारच होती. ‘पुराने गोठा रिकामा केला, मदतीच्या हातांनी तो पुन्हा भरला. नवी गाय मिळताच मनकर्णाताईंना अश्रू आवरेनात.’ सविताची मनकर्णा केली, कारण नाव जाहीर करायचं नाही असं संस्थेचं धोरण होतं. त्याच धोरणाखाली तिचं तोंड दहा फुटी फ्लेक्सवर छापून तिसगावच्या रस्त्याला लावलं. तिच्या हातातलं सोडलेलं दावं तेवढं फोटोतून कापून टाकलं, कारण मॅडमच्या मते ते फ्रेममध्ये खुपत होतं.

देणगीदार आले, फ्लेक्सपुढे उभे राहिले, गहिवरले आणि गेले. करणने चिखलाचे बूट धुऊन दुसरी आपत्ती गाठली. एंजल कायम झाली. शलमोन मास्तरांनी चर्चच्या अंगणात पेढे वाटले.

फ्लेक्सपुढून पाहुणे गेले, पण गाव तिथेच राहतं. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला फोटोतला गुलाल वाचता येत होता आणि खालची अक्षरंही वाचता येत होती. खाली लिहिलेलं, की बाईला संस्थेने गाय दिली. वर दिसत होतं, की गाय बाजारात विकली. दोन्ही जोडून लोकांनी जो अर्थ लावायचा तो लावला. मनकर्णा कोण, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

एक दिवस सविता सावेडीच्या बंगल्यात आली. एसटीने आली होती, उन्हाने लाल झाली होती, हातात दावं होतं. एंजल तेव्हा नव्या टेबलावर बसली होती. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती.

‘‘तूच ती कॅमेरेवाली ना?’’ सविताने विचारलं. ‘‘मला गाय दिली म्हनून बोर्ड लावलाय तुमी. न्यायला आले.’’

एंजलने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

‘‘वस्तीवर तोंड दाखवायची सोय न्हाई ठेवली. समदे म्हनत्यात, फुकटची गाय भेटली आन् सवीनं त्याच दिशी बाजारात नेऊन इकून खाल्ली. बियानं वाटायला आलं तवा यादीतनं माझं नाव खोडलं. म्हनले, हिला दिलेलं हिनं इकलं, हिला कशाला. माझा दीर बी तेच बोलतो. म्या आनाभाका घेतल्या, पर बोर्ड माझ्यापरीस मोठा हाय.’’ तिने दावं टेबलावर ठेवलं, पाटीच्या शेजारी. ‘‘आता एक तर गाय द्या, न्हाईतर तुमी दिली न्हाई असं तिथंच लिवा.’’

काचेच्या पलीकडून मॅडम पाहत होत्या. त्यांनी एंजलला हाताने खूण केली, दोन बोटं डोळ्याजवळ नेऊन बटण दाबल्याची. कॅमेरा एंजलच्या हाताशी होता. या खेपेला तिने तो उचलला नाही.

‘‘गाय नाही मिळायची, मावशी,’’ ती म्हणाली. आणि मग घरात बोलायची तसं बोलली. ‘‘ते बोर्डावरचं समदं खोटं हाय. मीच लिवलंय.’’

सविता तिच्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. जनावर घेताना त्याच्या दातांकडे पाहतात, तसं.

‘‘तुला तर म्हाईत हुतं. तुझ्याम्होरंच सोडलं म्या दावं. मग कशाला लिवलं, बाई?’’

एंजलला पुष्कळ उत्तरं येत होती. त्या बंगल्यात तेच शिकवत होते. तिने ती बाजूला ठेवली.

‘‘नोकरीसाठी.’’

‘‘लागली का?’’

‘‘लागली.’’

सविताने मान हलवली, दावं उचललं आणि पंजाभोवती नीट गुंडाळून घेतलं. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हंजी माझी गाय कुनाच्या तरी कामी आली.’’

ती फाटकातून बाहेर गेली. तिने मागे पाहिलं नाही. एंजल उभीच होती, तोवर मॅडम काचेचं दार ढकलून आल्या आणि रस्त्याकडे पाहत हळहळल्या.

‘‘अगं, गेली पण? ते हातातलं दावं तरी कॅमेऱ्यात घ्यायचंस. काय फोटो झाला असता.’’