चुलीमागे एक

परदेशी मिशनरी निघून गेले, तेव्हा आमच्या चर्चमध्ये रविवारी पुढच्या दोन रांगासुद्धा भरत नव्हत्या. इमारत मात्र मोठी, दगडी, वर सागवानी छत. मंडळीचे पाळक माझे वडील. त्यांनी मधोमध फळ्यांची भिंत घालून घेतली. पुढचा भाग साऱ्या गावाचा: सभा, लग्नं, रविवारची उपासना. मागच्या भागात ज्यांचं कुणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या. धर्म कोणताही चालेल, असं वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. मी नुकतीच बोर्डिंग शाळेतून परतले होते. माझं मराठी पुस्तकी होतं आणि इंग्रजी बोलायला इथे कुणी नव्हतं, त्यामुळे मी बहुतेक गप्पच असे. चादरी मोजून देणं आणि पाणी भरलं की नाही बघणं ही कामं माझ्याकडे आली.

पहिल्यांदा राहायला आली ती डोंगराकडच्या पाड्यावरची एक म्हातारी. महारोगाने तिची बोटं आखडली होती. रोग बरा झाला होता, पण ती दवाखान्यात असतानाच दिरांनी तिचं झोपडं मोडलं होतं. खोली तिने कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघितली. मग मला विचारलं, "माय, चूल कोठे शे?"

वडिलांनी सांगितलं, "बाई, स्वयंपाक पडवीत होतो. सगळ्यांचा एकत्र. तुम्हाला आयतं ताट मिळेल."

"आयतं ते मरेल माणूसले भेटस," ती म्हणाली. "मी आजून जित्ती शे."

वडील हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही वाटला.

पावसाळा संपल्यावर कोतवालाने गावात हाळी दिली: चर्चमध्ये सभा, चुलीमागे एक. आमच्याकडे माणसं घरावर मोजत नाहीत, चुलीवर मोजतात. एका छपराखाली तीन चुली असल्या तर तीन माणसं बोलणार. मागच्या खोल्यांतली म्हातारी माणसं उठून निघाली, तर कोतवालाने त्यांना दारातच अडवलं. तुमची सगळ्यांची चूल एक, एकानेच या. आणि त्या चुलीवर बसायची ती नवापूरहून पगारावर आणलेली स्वयंपाकीण. मग तीच गेली. गावच्या शेतकी सोसायटीला खताच्या गोण्या ठेवायला मागच्या खोल्या हव्या होत्या, बदल्यात ते छप्पर दुरुस्त करून देणार होते. स्वयंपाकीण मान खाली घालून बसून राहिली. फळ्यांच्या फटीतून मला तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

म्हातारीने ओढ्यातून तीन दगड आणले. आखडलेल्या हातांनी माती कालवून खोलीच्या कोपऱ्यात चूल घातली, लिंपली, सुकू दिली. सभेच्या दिवशी तीवर नागलीची भाकर भाजली आणि पुढच्या दाराने जाऊन पुरुषांच्या रांगेत बसली.

"डोकरी, तू कोनती चूलनी?" पोलीस पाटलांनी विचारलं.

"मन्ही चूलनी. जाई देखा, धूर निंघी ऱ्हायना."

"धूर ते विडीना बी निंघस," मागून कुणी म्हणालं आणि सगळे हसले. तीही हसली. पण तिला कुणी उठवलं नाही. ती बोलली. तिचं एक छप्पर एकदा मोडलं आहे, तिला दुसऱ्यांदा मोडू देऊ नका, एवढंच. पाटलांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मला वाटलं, मोजली तिला.

मग सोसायटीचा माणूस उठला. त्याने खोलीत जाऊन वर पाहिलं आणि वडिलांना बोलावलं. सागवानी छताला काळा डाग पडला होता. एक ठिणगी उडाली तर चर्च जाईल, हे काही खोटं नव्हतं. वडिलांनी कोपऱ्यातला हंडा उचलला आणि चुलीवर ओतला. रागाने नाही. सावकाश, पाणी लांब उडू नये म्हणून.

परत पुढे येऊन ते म्हणाले, "बाई, तिथे चूल नको."

पाटील म्हणाले, "मंग चूल नही."

म्हातारी रांगेतून उठली. तिच्यासाठी कुणाला सरकावं लागलं नाही, दोन्ही बाजूंनी आधीच जागा सुटलेली होती. उरलेल्यांनी सोसायटीच्या बाजूने हात वर केले. वडिलांनीही केला, आमच्या घरच्या चुलीचा.

बाकीच्या म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या पडवीत जागा मिळाली. ती तिथे गेली नाही. ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघाल्या होत्या, त्यांच्या मागे चालत गेली. वाटेत मी तिला गाठलं. ती तोडणार कशी, या बोटांनी, असं विचारायचं होतं, पण तिच्या बोलीत ते कसं म्हणायचं ते मला सुचेना. तिने माझ्या गालाला मनगट लावलं आणि म्हणाली, "घर जाय, माय."

गोण्या त्याच आठवड्यात आल्या. रविवारी फळ्यांतून खताचा उग्र वास येई आणि वडील प्रार्थना आटोपती घेत.